सांधा

मिंडेलोहून निघून अकरा दिवस झाले.
लोखंडी गळ सोडून आम्ही तळ चाचपतोय,
अंधारात खिशातलं नाणं चाचपावं तसं.
साडेतीन हजार मीटर खाली कुठेतरी
केबल तुटली आहे.
कशाने, ते ठाऊक नाही. एखादा कडा खचला असेल.
आमचा आचारी झुस्तिनो म्हणतो,
देवमाशाने पाठ खाजवली असेल.

तिकडे बेटावर बँकेचं यंत्र पैसे देत नाही.
दवाखान्याच्या पडद्यावर लिस्बनचा डॉक्टर
अर्ध्या वाक्यात गोठला होता म्हणे,
तोंड उघडं, औषधाचं नाव ओठांत अडकलेलं.
आणि माझी बहीण निल्दा दुकानाच्या पायरीवर उभी राहून
फोन आभाळाकडे धरत असणार.
तिला वाटतं, सगळं वरून येतं.
सगळ्यांनाच वाटतं.
ढग म्हणतात त्याला.
ज्याने हे नाव ठेवलं
त्याने कधी ओला दोर ओढला नसेल.
आमच्या बेटावर ढग येतात, बघतात, न बरसता जातात.
ढगावर भरवसा ठेवायला आम्हांला सांगू नका.

पहाटे चार वाजता ती वर आली.
बागेतल्या नळीएवढी, गाळाने माखलेली.
तिला एक पांढरा, पाच हातांचा जीव बिलगून होता,
जिथे उजेड कधी गेलाच नाही तिथला.
त्याच्या पोटाखालून किती वर्षं
गव्हाचे भाव गेले, कुणाचा काडीमोड गेला,
कुणाची जांभई, कुणाच्या बाळाचं पहिलं छायाचित्र.
त्याला फक्त धरायला काहीतरी हवं होतं.
मी त्याला सोडवून पाण्यात टाकलं.
तो पोचला की नाही, कुणास ठाऊक.

मग कणीस सोलावं तशी सोलायची.
काळं प्लास्टिक, तांबं, पोलादी तारा,
आणि शेवटी सोळा केस. काचेचे.
एवढंच?
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला जवळजवळ राग आला होता.

तेओफिलु बाजूला उभा. निवृत्तीला चार महिने.
जहाज डोलू दे, म्हणतो, तू डोलू नकोस.
दोन टोकं समोरासमोर.
मधे एक ठिणगी.
मी श्वास धरतो.
एवढा वेगवान प्रकाश,
आणि त्याला जोडायला कुणीतरी थांबावं लागतं.
यंत्र आकडा दाखवतं: शून्य दशांश शून्य दोन.
म्हणजे इतका प्रकाश या सांध्यात सांडणार.
पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, शून्य कधी येतं?
येत नसतं पोरा, तो म्हणाला,
न तुटलेल्या काचेतही प्रकाश थकतो.

वडील रॉटरडॅमच्या गोदीत होते.
कॅसेटवर बोलून ती खलाशाच्या हाती पाठवायचे.
उन्हाने फीत ताणलेली असायची,
आवाज जाड, सावकाश, पाण्याखालून आल्यासारखा.
मला वाटायचं, परदेशात माणसाचा आवाज लठ्ठ होतो.
आई तीच बाजू पुन्हा पुन्हा लावायची,
जिथे ते फक्त खोकत होते तीसुद्धा.

आता निल्दाची आयलिन त्याच शहरातून बोलते,
नाकावरचा तीळ दिसतो इतकी स्पष्ट,
आणि दोघी दोन मिनिटांत विचारतात, मग, अजून काय?
मी जुनं चांगलं म्हणत नाही.
त्या कॅसेटींत एक बातमी सात आठवडे उशिरा आली होती,
तिच्याबद्दल आमच्या घरी अजून कुणी बोलत नाही.
मी एवढंच म्हणतोय की
अंतर संपवलं असं आपण म्हणतो,
पण ते संपत नाही.
ते आकसतं, आणि कुठल्यातरी सांध्यात जाऊन बसतं.

सोळावा केस जुळला तेव्हा दुपार टळली होती.
केबल पुन्हा पाण्यात सोडली.
तळाशी टेकायला तिला तास लागतात,
आणि ती टेकताना कुणालाही ऐकू येत नाही.

जेवताना फोन वाजला.
निल्दाचा निरोप, बारा दिवसांपूर्वी लिहिलेला:
"नेट गेलंय. तुला काही कळलं का?"

बोटांना अजून गाळाचा वास होता.
मी लिहिलं, हो.
मग ते खोडलं,
आणि बराच वेळ काय लिहावं सुचेना.